तंजावरात भट्टी पेटली नाही

राजुरीच्या सरूबाईनं आठ वेळा तंजावर केलं, आणि आठही वेळा तिनं पाहिलं ते मोठ्या देवळाबाहेरचं गाड्यांचं पार्किंग.

कांद्याची लागण उरकली की यात्रा काढणाऱ्या दादाभाऊंची बस रामेश्वर-कन्याकुमारीला निघते. आत बेचाळीस माणसं, आणि डिकीत सरूबाईचा संसार: गॅसची भट्टी, दोन मोठी पातेली, परात, बाजरीच्या पिठाचं पोतं. आमच्या जुन्नर-आंबेगावची माणसं जग फिरतील, पण भाकरी घरचीच खातील. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बस सकाळी नवाला तंजावरात पोचते. माणसं देवळात जातात, सरूबाई भट्टी पेटवते. साडेबाराला देवळाचं दार बंद होतं, माणसं भुकेली बाहेर येतात, पंगत बसते. चारला दार परत उघडतं, तोवर भांडी घासून झालेली असतात आणि बस केव्हाच पुढं निघालेली असते.

तरी राजुरीत तंजावर सांगावं ते सरूबाईनंच. बसमधलं बोलणं ती कानात साठवायची आणि घरी ओसरीवर बसून सांगायची. नवरा भगवंत आणि शेजारच्या बायका चहा थंड होईस्तोवर ऐकत बसत. मागच्या वर्षी मात्र शेजारची अंजना दुसऱ्या बसनं तिकडं जाऊन आली होती. सरूबाई नेहमीप्रमाणं म्हणाली, "एवढा थोरला नंदी, पण बिचारा उन्हात बसलाय."

अंजना हसली. "उन्हात? अवो, त्याच्यावर खांबांचा मांडव हाय. वर छताला रंगीत चित्रं काढल्यात. मावशी, तुमी आत गेला व्हता ना?"

"गेले व्हते की," सरूबाई म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

छप्पन्न वर्षांच्या त्या बाईला ते खोटं भाकरी करपण्याहून जड गेलं. तंजावर आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, हे तिनं चुलीपुढंच ठरवलं.

यंदा निमगाव सावाहून मीही त्या बसमध्ये होतो. तंजावरची वेस दिसली तशी सरूबाई ड्रायव्हर गोकुळच्या मागची दांडी धरून उभी राहिली. अंगावर ठेवणीतलं जांभळं इरकल.

"आयका समदे. आज भट्टी पेटणार न्हाई. मीबी देऊळ बघणार."

दादाभाऊ ताडकन उठले. "अवो सरूबाई, हँडबिलावर छापलंय! दोन्ही येळा गावरान जेवान!"

"मग आज हँडबिल शिजवा."

बस हसली. हसले नाहीत ते अवसरी खुर्दचे गेणभाऊ. "भाकरीबिगर माझ्या पोटाला कळतच न्हाई, जेवलो म्हणून."

"एक दिस न कळू द्या. उद्याच्या मुक्कामाला मासवडी करते."

"मासवडी? रस्सा झणझणीत?"

"नाकातनं पाणी काढीन."

गेणभाऊ वळले. "दादाभाऊ, बाईला आडवू नका राव."

"अन दुपारी बेचाळीस माणसं खातील काय?"

"हितली माणसं काय रोज उपाशी निजत्यात व्हय?" सरूबाई म्हणाली, आणि बस थांबायच्या आत दारापाशी जाऊन उभी राहिली.

उतरल्या उतरल्या ती थबकली. आतून वाजप येत होतं. आठ वर्षं ते भट्टीच्या फर्रर्र आवाजात बुडून गेलं होतं. आज ते मोकळं आलं: आपल्या सनईहून लांब, भरदार आवाजाचं नादस्वरम, आणि संगतीला छातीत घुमणारा तविल ढोल. सरूबाईचे पाय आपोआप भराभर पडू लागले.

"आपली सनई नवरीला वाटंला लावती," ती म्हणाली. "हे तर हत्तीला नाचवील!"

एक गोपूर झालं, दुसरं झालं, आणि पुढं एवढं मोठं अंगण उघडलं की आमची सगळी बस त्यात मूठभर वाटली. शिखराकडं सगळ्यांच्या माना वर गेल्या. सरूबाई मात्र सरळ नंदीकडं गेली. मांडव होता. खांब होते. तिनं मान मागं टाकली. पदर खांद्यावरून घसरला तरी तिला भान नव्हतं. छतावर वेली होत्या, फुलं होती, जुने रंग अजून ताजे.

तिनं मोबाईल काढून घरी लावला. "अवो, अंजनाला हाक मारा. अन फोन स्पीकरवर टाका."

पलीकडं भगवंतची हाक ऐकू आली, मग अंजनाचा आवाज. सरूबाईनं श्वास घेतला.

"अंजना, मी खोटं बोलले व्हते गं. आठ येळा आले, आत कवाच गेले नव्हते. आज आत उभी हाय. नंदी मांडवात हाय."

अंजना म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं मावशी. फोन ठिवू नका. आजून काय दिसतंय ते सांगा!"

मग काय विचारता! बाई बोलत चालली, आम्ही मागं. ओवरीच्या भिंतीवर मराठी अक्षरं कोरलेली दिसली, तिथं परगावी गाववाला भेटावा तसे आम्ही सगळे गोळा झालो. शिखराच्या पायथ्याला तिनं तळवा टेकवला आणि फोनमध्ये सांगितलं, "लेण्याद्रीला आपल्या लोकांनी डोंगर पोखरून देव आत बसवला. हितं डोंगर नव्हता, तर ह्यांनी डोंगरच उभा केला बघ." रखवालदारानं दार लावायची खूण केली तेव्हा सर्वांत शेवटी बाहेर पडली ती सरूबाईच.

जवळच्या खानावळीत केळीची पानं मांडली गेली. वाफाळता भात, खोबरं घातलेली शेंगभाजी, सांबार. सरूबाईनं पहिला घास जिभेवर घोळवला. "धनं भाजून घेतल्यात. चिंच बेतानं. हात चांगला हाय." गेणभाऊ तिसऱ्यांदा भात घेत होते, पोटाची चौकशी न करता.

तेवढ्यात दादाभाऊ सवयीनं ओरडले, "सरूबाई, जरा भात आणा हिकडं!"

सरूबाई अर्धी उठलीच. मग परत बसली.

"वाढपी त्यो बघा, पांढऱ्या लुंगीतला," ती म्हणाली. "मी आज पावणी हाय."

बाहेर गोकुळनं हॉर्न दिला. सरूबाईनं बोटानं खूण करून खिरीसारख्या पायसमची दुसरी वाटी मागितली.