नाव घेतलं की चहा

आमच्या ह्यांचं म्हणणं, मी क्लासला शिकवायला जात नाही, किस्से आणायला जाते. खरंच आहे ते! बाजारात नुसती मेथी आणायला गेलं तरी घरी पिशवी उलटी केल्यावर आलं, मिरची, लिंबू असं काय काय निघतं ना, तसं माझं होतं. जाते इंग्रजी शिकवायला, आणि येताना भलतंच काहीतरी घेऊन येते.

अंबरनाथला मोरिवलीजवळ आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे. त्याच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. शाळेतून मी रिटायर झाले, माझा आवाज काही झाला नाही, म्हणून हा उद्योग. पंधरा जण येतात. खोलीत एक फळा, चार सतरंज्या आणि कार्यक्रमाला खीर शिजवायची मोठी शेगडी.

सुरुवातीला कुणी तोंडच उघडेना. मी कपाळाला हात लावला आणि एकच सोपा शब्द धरला. बेटर! हजेरीच्या जागी प्रत्येकाने सांगायचं, आज काय बेटर? डोकेदुखी बेटर, नळाचं पाणी बेटर, काहीही चालेल. कालच्यापेक्षा आज काय बरं आहे, ते एका वाक्यात, इंग्रजीत.

पहिल्याच आठवड्यात भांडण! दोन जावा क्लासला येत होत्या. थोरली उठली आणि म्हणाली, "माय भाकरी इज बेटर दॅन संगीताज भाकरी." धाकटी संगीता शेजारीच बसलेली. ती थेट मराठीत सुरू झाली, "हो का? मग गेल्या रविवारी तुमच्या माहेरच्या पंचवीस माणसांना भाकऱ्या कुणी थापल्या, ते पण सांगा की इंग्लिशमध्ये!"

अर्धा तास गेला त्यात. शेवटी मी डस्टर आपटलं आणि कायदा केला. "दॅनच्या पुढे काल चालेल, गेलं वर्ष चालेल, रिक्षा, भाजी, पाऊस सगळं चालेल. माणूस चालणार नाही! जो माणूस आणेल त्याने सगळ्यांना चहा करायचा." तेव्हापासून शेगडी कार्यक्रमाची राहिली नाही, आमचीच झाली.

* * *

हिरूकाका म्हणजे उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातले सिंधी व्यापारी, जीन्सचं दुकान. नातवंडं परदेशात, त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं म्हणून स्कूटर हाणत अंबरनाथला येतात. वय अडुसष्ट, आणि क्लासमध्ये सगळ्यात मस्तीखोर हेच.

एकदा मी त्यांच्या दुकानात गेले होते. गिऱ्हाईक दोन पँटी हातात घेऊन विचारत होतं, "काका, ये अच्छा है क्या?"

"साईं, अच्छा तो वो वाला है," काका म्हणाले. "ये बेटर है!"

"और बेस्ट कौन सा है?"

काकांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. "बेस्ट कल आएगा!"

गिऱ्हाईक बेटर घेऊन गेलं. मी म्हटलं, "काका, बेस्ट उद्या खरंच येणार का हो?" तर मलाच म्हणाले, "मॅडम, तीस साल से कल आ रहा है. इसी लिए तो दुकान चल रहा है!"

* * *

आमच्या क्लासमधला दत्तू बदलापूरला एका टॉवरवर वॉचमन. गाव बारवी धरणाच्या अंगाला, डोंगरातलं. त्याच्या आईला ताप येऊन दवाखान्यात ठेवलं होतं. ताप उतरून तीन दिवस झाले, तरी सोडेनात. रोज सकाळी डॉक्टर यायचे, कागद बघायचे, विचारायचे "बेटर?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या खाटेकडे जायचे.

चौथ्या दिवशी दत्तू आडवा उभा राहिला.

"डॉक्टर, बेटर दॅन व्हॉट?"

डॉक्टर गडबडले. "दॅन यस्टरडे."

"यस्टरडे यू सेड बेटर. बिफोर यस्टरडे यू सेड बेटर. एव्हरी डे बेटर! देन होम व्हेन?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा कागदावरून मान वर केली, म्हातारीकडे नीट बघितलं आणि दुपारी तिला घरी सोडलं. दत्तूची छाती फुगून ही एवढी झालेली. रिक्षात आईने विचारलं, "काय रं बोललास त्याला?" ह्याने सगळं समजावून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "येवढा इंग्रजी येतो तर परवाच का नाय बोललास? दोन दिस ती पांचट खिचडी खाल्ली मी!"

* * *

मी स्वतःही सापडले एकदा. कुणीच गृहपाठ केला नव्हता. माझं डोकं सटकलं. ओरडले, "गेल्या वर्षीची बॅच तुमच्यापेक्षा शंभर पटीने बेटर होती!"

दत्तूने हळूच बोट वर केलं. "मॅडम, आम्ही म्हंजे माणसंच ना?"

काय करणार! पदर खोचला आणि केला सोळा जणांचा चहा. घरी आमचे हे चहा करतात, छत्तीस वर्षं तेच करतायत, त्यामुळे मला अंदाज कुठला असणार. हिरूकाकांनी एक घोट घेतला, कपात बघितलं आणि अगदी कायद्यात बसेल असं वाक्य बोलले, "मॅडम, टी वॉज बेटर यस्टरडे."

* * *

काल म्हणजे आदल्या क्लासचा, मंगलताईंचा चहा. आता त्यांच्याबद्दल सांगते, कारण ह्या सगळ्यात खरा जीव टांगणीला लागला होता तो त्यांचाच.

मंगलताई मोरिवलीच्या बाजूला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहेत. बावीस वर्षं, लाइन नंबर तीन. गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये एखादा कप्पा रिकामा गेला तर बघायच्या आधी त्यांना आवाजावरून कळतं. क्लासला नाव घालायला आल्या तेव्हा मी विचारलं, इंग्रजी कशाला हवंय? म्हणाल्या, "मॅडम, मी तीन सुपरवायझर शिकवून तयार केल्या. चौथी मला व्हायचंय."

झालं असं होतं की दीड वर्षापूर्वी ती जागा निघाली होती. मुलाखतीला दोघीच, ह्या आणि सुनीता नावाची डिप्लोमावाली मुलगी. साहेबांनी विचारलं, तुमच्या दोघींत बेटर कोण? आता आपल्यात स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करायची पद्धत आहे का? ताईंना वाटलं, आपण नम्रपणे म्हणू, मग साहेबच म्हणतील, छे छे, असं कसं! म्हणून त्या म्हणाल्या, "सर, सुनीता इज बेटर दॅन मी."

साहेबांनी लिहून घेतलं. सुनीता सुपरवायझर झाली आणि ताईंनीच तिला लाइन शिकवली. वर्षभराने ती लग्न होऊन नाशिकला गेली. जागा पुन्हा रिकामी झाली. आणि मंगलताईंच्या नोकरीची चारच वर्षं उरलेली. आता नाही तर कधीच नाही!

पण सवय जाते का? हजेरीला उठल्या की, "हिरूकाका इज बेटर दॅन मी." चहा! "दत्तू इज बेटर दॅन मी." चहा! एकदा मी म्हटलं, ताई, नाव नका घेऊ कुणाचं. तर म्हणाल्या, "एव्हरीबडी इज बेटर दॅन मी!"

संगीता म्हणाली, "ह्यात कुणाचं नाव नाही, सोडा त्यांना." मी म्हटलं, "सोडा काय? दॅनच्या पुढे मी आहे ना? मी म्हणजे माणूस नाही का? चहा!"

एका महिन्यात अकरा वेळा केला त्यांनी चहा. आलं ठेचून, गवती चहा घालून, असा फक्कड की विचारू नका. मग माझ्या लक्षात आलं, आमची ही सभ्य मंडळी मुद्दाम त्यांना विचारतायत, "ताई, दत्तूचं इंग्लिश कसं वाटतं हो?" त्या दिवशी मी सगळ्यांना फैलावर घेतलं. रागही आला आणि वाईटही वाटलं, कारण कप मीही पुढे करतच होते.

* * *

मुलाखत शनिवारी झाली. सोमवारी मंगलताई आल्या आणि सरळ शेगडी पेटवली.

"अहो ताई, आधी सांगा तरी काय झालं! आणि चहा कशाला?"

"नाव घेतलं ना मी," त्या आलं ठेचत म्हणाल्या. "तिकडे घेतलं. पण कायदा तो कायदा."

मग हळूहळू बाहेर आलं. मॅनेजर नवे, कोइमतूरकडचे, सहा महिन्यांपूर्वी आलेले. त्यांनीही तोच प्रश्न टाकला, मुलाखतीला आलेल्या दुसऱ्या दोघींपेक्षा तुम्ही बेटर कशा? ताई म्हणाल्या, "सर, आय कॅनॉट टेल. इन माय क्लास, नेम आफ्टर दॅन, टी पनिशमेंट." साहेबांना काही कळेना. ताईंनी मोडकंतोडकं करून सगळा कायदा समजावला. साहेब खूप हसले आणि म्हणाले, "इथे पनिशमेंट नाही. घ्या कुणाचंही नाव."

"मग?"

"मग मी घेतलं."

"कुणाचं, बाई?"

"त्यांचंच." पातेल्यात साखर पडली. "म्हटलं, सर, ऑन लाइन थ्री, आय अ‍ॅम बेटर दॅन यू."

हिरूकाकांच्या हातातली वही खाली पडली. "हे झूलेलाल!"

"खोटं आहे का काका? मागच्या महिन्यात त्यांनी मशिनचा स्पीड वाढवला, सगळे बॉक्स तुंबले. मी गुपचूप परत कमी केला. तेही सांगून टाकलं."

"मग काय म्हणाले?"

"पेन बंद केलं. म्हणाले, कळवू."

त्या दिवशीचा चहा कपातच निवला. मला तर स्वतःचाच राग आला होता. बाईला बोलायला शिकवलं, कुठे थांबायचं ते शिकवायचं राहिलं!

* * *

बुधवारी हजेरी चालू होती आणि दारात एक उंच, सावळे गृहस्थ चपला काढताना दिसले. मंगलताई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, हेच ते.

साहेबांनी सगळ्यांना नमस्कार केला. हिंदीत, तमिळ वळणाने म्हणाले, "वो टी पनिशमेंट वाला क्लास, यही है ना? मैं बैठ सकता हूँ?" आणि चक्क दत्तूच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.

आमच्या खोलीत पाहुणा असो की पुढारी, हजेरी चुकत नाही. एकेक जण उठला. नळाचं पाणी बेटर. गुडघा बेटर. मंगलताई उठल्या आणि साहेबांकडे न बघता तशाच खाली बसल्या. मग पाळी साहेबांची. मी घाबरतच विचारलं, "सर, आज काय बेटर?"

साहेब उभे राहिले. शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून म्हणाले, "टुडे लाइन थ्री हॅज न्यू सुपरवायझर. शी इज बेटर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, फळा दिसेना. मंगलताई सतरंजीचा दोरा ओढत बसलेल्या. हिरूकाकांनी मात्र, ह्या माणसाची खोड जाणार नाही, गोड आवाजात विचारलं, "साब, बेटर दॅन हू?"

साहेबांनी मंगलताईंकडे बघितलं. हसले.

"दॅन मी."

पंधरा जण एकमेकांची तोंडं बघायला लागले. कंपनीचा मॅनेजर! कोण बोलणार?

मंगलताईंनी पदराने डोळे पुसले. उठल्या, शेगडीपाशी गेल्या, खुंटीवरची सांडशी काढली आणि आणून साहेबांच्या हातात दिली.

"सर, सतरा कप. साखर कमी."