नवरदेवाच्या कपाळावरची निळी हळद

देवरी तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नाचा मौर माझी वहिनी विणते. शिंदीच्या पानांचा हा मौर नवरदेवाच्या कपाळावर बांधतात. अलीकडे गावचे नवरदेव गोंदियाहून भाड्याने चमकीचा सेहरा आणू लागले होते आणि वहिनीकडे कोणी फिरकत नव्हते. म्हणून शेजारी लग्न निघाल्यावर तिने आधी नवरदेवाला गाठले. तो म्हणाला, "काकू, मले काही हटके पाहिजे." वहिनीने हो म्हटले आणि मला फोन लावला.

"भाऊजी, तुमच्या त्या इवल्याशा टीव्हीत रंगीत फोटो दिसते ना?"

"दिसतो."

"मंग तो मौरात बसवा. या डावाले जमलं नाही तर मी शिंदी चुलीत घालते."

इवलासा टीव्ही म्हणजे काडेपेटीएवढा रंगीत डिस्प्ले. तो छोट्या कंट्रोलर बोर्डाला वायरींनी जोडायचा आणि प्रोग्राम भरायचा, हा माझा सुटीचा उद्योग आहे. मी दोन डिस्प्ले मागवले, एक जास्तीचा. दोन्ही दिसायला सारखेच होते. फरक एवढाच, की काचेवरच्या पातळ पापुद्र्याला ओढायची जी शेपटी असते, ती एकाची काळी होती आणि दुसऱ्याची लाल. छंदवाले ही शेपटी पाहूनच प्रोग्राम लिहितात, कारण लाल शेपटीवाला डिस्प्ले लाल आणि निळ्या रंगाचा क्रम उलटा घेतो. मी काळ्या शेपटीचा निवडला आणि प्रोग्राममध्ये 'काळी' लिहिले. वधूवरांचे आपापल्या घरचे हळदीचे फोटो जोडून भरले, चालवून पाहिले आणि सगळे वहिनीच्या हवाली केले.

वहिनीने आधी दोन्ही पापुद्रे काढून फेकले. नव्या वस्तूवर प्लास्टिक तिला खपत नाही. मग मौरात चिकटवताना मी जोडून दिलेल्या डिस्प्लेवर डिंक सांडला. तिने तो बाजूला ठेवला आणि दुसरा जोडला, प्रत्येक वायर जिथल्या तिथे. जोडणीत कणभर चूक नव्हती.

वरात दरेकशाकडच्या एका गावी गेली, मीही सोबत होतो. वेशीवर नवरदेवाने खिशातली पॉवरबँक सुरू केली. भर उन्हात काचेवर नुसती चकाकी दिसत होती आणि तेवढ्यावरच लोक खूश होते. वरात आंब्याच्या सावलीत शिरली आणि फोटो स्पष्ट झाला. वधूवरांचे चेहरे निळे होते, हळद आकाशी होती आणि कुंकू गर्द निळे. मागचे तोरण मात्र हिरवेगार.

नवरदेवाच्या मामांनी वाकून पाहिले. "हे दोघं निळे काऊन दिसून राह्यले? हळदीत नीळ घोटली काय?"

नवरदेवाला स्वतःचे कपाळ दिसत नव्हते. त्याने मोबाइलमध्ये पाहिले आणि तो शांतपणे म्हणाला, "काकू, मी खूप दिवसाचा मेलेला दिसून राह्यलो."

मामा गाडीतून सेहरा घेऊन आले. त्यांनी तो घेऊनच ठेवला होता. वहिनी मधे उभी राहिली. "मौर एकदा बांधला का लगन लागेपर्यंत उतरत नाही. हे मी नाही ठरवलं, मामाजी."

हे सर्वांना मान्य होते. म्हणजे दुरुस्ती कपाळावरच करावी लागणार होती. डिस्प्ले बदलल्याचे वहिनीने आत्ता सांगितले, तेव्हा प्रोग्राममधला एक शब्द बदलायचा होता. माझा लॅपटॉप घरी होता आणि प्रोग्राम मेलमध्ये. लॅपटॉप फक्त डीजेकडे होता.

"भैया, गाना बंद नहीं होगा," तो म्हणाला.

"दुल्हे की शकल का सवाल है," वहिनी म्हणाली. त्याने नवरदेवाकडे पाहिले आणि गाणे बंद केले.

नवरदेवाला डीजेच्या गाडीवर स्पीकरला टेकून बसवले आणि त्याच्या मौरातून निघालेली केबल लॅपटॉपला जोडली. मेल मात्र उघडेना. मोबाइलला रेंज एक तर मांडवात होती, नाही तर मागच्या टेकाडावर, आणि निळा नवरदेव मांडवात नेता येत नव्हता. तेव्हा डीजेने गाडी रिव्हर्समध्ये घातली, आणि वाजंत्री नसल्याने वऱ्हाडी टाळ्या वाजवत, नाचत उलटे चालू लागले.

मांडवातून पाहणाऱ्यांना नवरदेव परत निघालेला दिसला. मुलीचा भाऊ मोटारसायकलवर धडकला. "काय कमी पडलं, मामाजी? सांगा तरी."

"काही कमी नाही. नवरदेव अपलोड होऊन राह्यला," मामा म्हणाले.

टेकाडावर पोहोचून मी प्रोग्राममधला 'काळी' खोडून 'लाल' लिहिले. वहिनीने पदराची सावली धरली आणि हळद पिवळी दिसली. लोक असे नाचले, की मुलीचा भाऊही गाडी स्टँडवर लावून त्यांच्यात शिरला. मामांनी सेहरा पिशवीत घातला.

एवढ्यात नवरदेवाचा मोबाइल वाजला. निळ्या फोटोचा व्हिडिओ मांडवात पोहोचला होता आणि पाठोपाठ पिवळ्याचाही. त्याने स्पीकर लावला.

"पिवळा कायले केला?" नवरी विचारत होती. "मी सगळ्या मैत्रिणींले निळा दाखवायले बोलावलं. निळा नसला तर मी हार घालत नाही."

नवरदेवाने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा 'काळी' लिहिले. पदराच्या सावलीत नवरदेव पुन्हा निळा झाला आणि वरात सरळ चालू लागली.

लग्न लागले. जेवणाच्या पंगतीत नवरीच्या दोन मैत्रिणी वहिनीजवळ येऊन बसल्या. एकीला निळा मौर हवा होता. दुसरीने विचारले, हिरवा होतो काय.

"भाऊजीले विचारते," वहिनी म्हणाली आणि माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला.