उजवा इंडिकेटर

शेणव्याच्या पुढच्या पाड्यावरच्या सारिका भोईरने चाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली, ती भेंडीपायी. भेंडी आज तोडली नाही तर उद्या जून होते, आणि नवरा लडकू आजारी पडला की बाजाराला माल नेणारी पिकअप दारातच उभी राहायची. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली. मग नियमांचं पुस्तक पाठ करून पुन्हा गेली आणि पास झाली.

लडकू त्या पुस्तकाला हसायचा. "पुस्तकात उजवा इंडिकेटर म्हंजे गाडी उजवीकडं वळनार. पन रस्त्यावर डंपरवाल्यानं उजवा दिला का समजायचं, पुढं मोकळं हाय, तू काढ गाडी."

"आनि तो खरंच वळला तर?"

"तर नशीब, सारिके."

सप्टेंबरातल्या एका सकाळी बांधावर गवत कापताना लडकूच्या डाव्या हाताला नाग चावला. त्याने विळा टाकला आणि हात धरून तो खालीच बसला. शेजारचे नामाकाका म्हणाले, भगताकडे न्या. रुग्णवाहिकेला यायला पाऊण तास लागणार होता. सारिकाने कोणाचंच ऐकलं नाही. लडकूला पिकअपमध्ये आपल्या बाजूला बसवलं, पट्टा लावला आणि शहापूरच्या रस्त्याला लागली.

घाईत तिने चारी इंडिकेटर लावले होते.

"ते बंद कर," लडकू म्हणाला. "चारी लावलेस तर तू कुठं वळतेस ते कोनाला कळनार नाय. हेडलाइट लाव. हॉर्न दे. समोर कोन आला का डिपर मार."

तिने तसं केलं. समोरून आलेल्या एका जीपवाल्याने डिपर बघून गाडी बाजूला घेतली. शेणवा मागे पडलं. लडकूची जीभ जड व्हायला लागली होती. तिने वळून पाहिलं, तर त्याच्या पापण्या मिटत होत्या. तो जोर लावून डोळे उघडत होता आणि ते उघडत नव्हते.

"आवो, माझ्याशी बोला!"

तो काहीतरी बोलला. तिला एक शब्द कळला नाही.

सापगावच्या अलीकडे पुढे खडीचा एक रिकामा डंपर लागला. तिने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. डंपरचा उजवा इंडिकेटर लुकलुकायला लागला. पुढचं काही दिसत नव्हतं.

"आवो, काढू का गाडी? सांगा ना, काढू?"

लडकूची मान छातीवर पडली होती.

तिने गिअर बदलला, गाडी उजवीकडे घेतलीसुद्धा. तेवढ्यात डंपरचा चिखलाने माखलेला एक ब्रेकलाइट पेटलेला दिसला. वाट देणारा गाडी डावीकडे दाबतो. हा तर मधे येत होता, आणि ब्रेकही दाबत होता. सारिकाने रडतच ब्रेक दाबला. मागच्या रिकाम्या क्रेट घसरून केबिनवर आदळल्या.

डंपर उजवीकडे, खडीच्या खाणीच्या वाटेला वळला. तेवढा लांब डंपर वळून पुरता जाईपर्यंत ती एका हाताने लडकूची हनुवटी वर धरून बसली. त्याच्या घशातून घरघर येत होती. मधेच घरघर थांबली, की सारिकाचाही श्वास थांबायचा. "जा रे, जा ना रे बाबा," ती डंपरला म्हणत होती.

शहापूरच्या दवाखान्यात लडकूला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो स्वतः श्वास घेत नव्हता. नळी घातली, सापाची लस सुरू केली. डॉक्टर बाहेर आले. "ठाण्याला न्यावं लागेल. आत्ता काही सांगता येणार नाही."

"पाच मिन्टं आधी आली असती तर?" तिने विचारलं.

"बाई, आलात ना," ते म्हणाले. तिला ते उत्तर वाटलं नाही.

ठाण्यात चौथ्या दिवशी लडकूने डोळे उघडले. पंधराव्या दिवशी तो घरी आला. डाव्या हाताचं मांस सडून गेलं होतं. बोटं पुन्हा वळली नाहीत. स्टेअरिंग त्याच्या हातून गेलं ते कायमचंच.

पाड्यावर सगळे म्हणतात, सारिकाने नवऱ्याला वाचवलं. पक्कं लायसन मिळाल्यापासून भेंडी घेऊन ती एकटीच जाते. ती परत येईपर्यंत लडकू ओट्यावर बसून राहतो, आणि कोणी कितीही सांगितलं तरी जेवत नाही.