सगळ्यांना सामावून घेणारी शाळा

निवृत्त झाल्यावर पुन्हा कुठल्याही शाळेची पायरी चढायची नाही, असं मी ठरवलं होतं. बेंगळूरुत बनशंकरीतल्या एका अनुदानित शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, घसा बसेपर्यंत ओरडले, तेवढं पुरे होतं. पण एका ओळखीच्या बाईंनी निरोप आणला. एचएसआर लेआउटमध्ये पुण्याचं एक जोडपं राहतं. त्यांची दहा वर्षांची मुलगी स्वमग्न आहे. थोडंच बोलते आणि बोलते ते मराठीत. शाळेत तिच्याबरोबर बसायला मराठी येणारं माणूस हवंय.

या कामाला शॅडो टीचर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. शाळेने भरभक्कम फी घेऊन मुलीला 'सामावून' घेतलं होतं. तिच्याशेजारी बसायचं माणूस मात्र आईबापांनी शोधायचं आणि पगारही त्यांनीच द्यायचा.

"शॅडो म्हणजे सावली," अण्णा म्हणाला. अण्णा माझा थोरला भाऊ, आम्ही दोघंच घरात. "एवढी वर्षं वर्गापुढे उभी राहिलीस, आता कुणाची सावली होणार तू?"

"सरी, बरं, नाही होत. घरी बसून तुझी सावली होते."

"नको, नको. जा तू," तो घाईघाईने म्हणाला.

मुलीच्या आईने पहिल्याच भेटीत माझी परीक्षा घेतली. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळूरुत आहे. घरी मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की कुठलं काय ते आम्हालाही सांगता येत नाही. माझी दोन वाक्यं ऐकून तिच्या कपाळावर आठी आली.

"काकू, तुमचं मराठी जरा वेगळं आहे ना? तिला कन्फ्यूजन नाही ना होणार? म्हणजे कसंय, तिला स्ट्रक्चर लागतं, ट्रान्झिशन्स खूप डिफिकल्ट जातात."

या शुद्ध मराठीपुढे मी काय बोलणार? मान डोलावली.

मुलगी मात्र मला लगेच आवडली. ती बसच्या पाट्या वाचायची. कन्नड अक्षरं तिला कुणी शिकवली नव्हती, बसस्टॉपवर उभं राहून आपली आपण शिकली होती. इथल्या शिवाजीनगरची बस आली की ती पाटी मोठ्याने वाचायची आणि बस गेली की नाराज व्हायची. कॉलर चावायची. तिची दुसरी आवड जरा वाईट होती. कुणी प्रतिष्ठित माणूस अडखळलं, कुणाच्या हातून कप सांडला की ती खदखदून हसायची. त्या शाळेत तिला हसायला पुष्कळ वाव मिळायला हवा होता.

शाळेच्या दारातच भिंतीवर पुरुषभर उंचीची इंग्रजी अक्षरं होती: प्रत्येक आवाज मोलाचा आहे. इथे सगळे समान, म्हणून मुलांनी शिक्षकांना नावाने हाक मारायची. मलाही एक आठ वर्षांचा मुलगा नावाने हाक मारून गेला. माझी हरकत नव्हती. पण फरशी पुसणाऱ्या बायकांना नावं नव्हती, त्या सगळ्या नुसत्या 'अक्का'. त्यांनी मागच्या फाटकाने यायचं आणि लिफ्ट वापरायची नाही. समानता पुढच्या फाटकापासून सुरू होत होती आणि जिन्यापाशी संपत होती.

पहिल्या दिवशी हजेरी झाली, गोल करून मुलं बसली, प्रत्येकाने आज कसं वाटतंय ते सांगितलं. मुलीची पाळी आली तेव्हा ती छताकडे बघत गुणगुणत होती. वर्गशिक्षिका गोड हसली आणि मला म्हणाली, "हिला आता ब्रेकची गरज आहे."

मुलगी शांत होती. ब्रेक बाईंना हवा होता.

ब्रेकसाठी 'शांत खोली' होती. म्हणजे झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे ठेवायची अरुंद खोली. त्यात एक उशीसारखी गादी टाकली होती आणि दारावर ढगाचं चित्र चिकटवलं होतं. त्या दिवशी आम्ही दुपारच्या डब्यापर्यंत तिथे बसलो. दुसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. हजेरीला वर्गात, संगीताला वर्गात, बाकी वेळ ढगामागे.

शाळेत या 'सामावून घेण्या'च्या विभागाची एक प्रमुख होती. सुती साड्या, चांदीचे मोठे झुमके आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलावा तसा हळू आवाज. मी तिला जाऊन विचारलं, "गणिताच्या तासाला तिला वर्गात बसवू का? मी मागे बसते तिच्याबरोबर."

"तिची तयारी झाली की ती स्वतःच सांगेल. आम्ही मुलांच्या मागे चालतो, पुढे नाही."

"ती सांगते. रोज दाराकडे बोट दाखवून 'वर्गात' म्हणते."

"हो, पण ते वर्तन आहे," ती प्रेमाने म्हणाली. "त्यामागची गरज आपण ओळखायला हवी."

चाळीसेक वर्षं नोकरी केली मी. आडमुठे हेडमास्तर पाहिले, लाच मागणारे कारकून पाहिले. पण मूल 'वर्गात' म्हणालं तर त्याचा अर्थ वर्गात सोडून दुसरा काहीतरी असतो, हे ज्ञान मला पहिल्यांदाच मिळत होतं. त्या संध्याकाळी मुलीच्या आईच्या कानावर सगळं घातलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "काकू, त्यांची काहीतरी मेथड असेल." आठवड्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा मेथड.

मग मित्र. शाळेत मैत्रीची योजना होती. दर महिन्याला दोन मुलं तिची मित्र म्हणून नेमली जात. त्यांना जांभळा बिल्ला मिळे आणि वर्षअखेर प्रमाणपत्र. परदेशी कॉलेजात अर्ज करताना ते उपयोगी पडतं म्हणे. एका महिन्यात नेमलेला मित्र फार व्यवस्थित मुलगा होता. शुक्रवारी माझ्याकडे आला आणि नम्रपणे म्हणाला, "मी या आठवड्यात तिच्याबरोबर खेळलो असं तुम्ही सांगाल का?"

"खेळलास का?"

"नाही. माझा टेनिसचा क्लास होता."

त्याचा मला राग आला नाही. पोर जे बघतं तेच शिकतं. राग आला तो ज्यांनी त्याला मैत्रीचा हा भाव शिकवला त्यांचा.

बिल्ल्याशिवाय तिच्याजवळ येणारी एकच मुलगी होती, त्याच वर्गातली, धट्टीकट्टी, गुडघे कायम फुटलेले. ती यायची ते भांडायला. झोपाळ्यावरून दोघींची रोज जुंपायची. "ही चीटिंग करते! माझी पाळी होती!" ती मला येऊन ठणकावून सांगायची. "मग ढकल तिला," मी म्हणायचे. ती खरंच ढकलायची आणि आमची मुलगी तिला उलट ढकलायची. ही पंधरा मिनिटं सोडली तर त्या संबंध शाळेत कुणी तिच्याशी बरोबरीने वागत नव्हतं. प्रमुखबाईंनी हे पाहिलं आणि दोघींच्या सुट्टीच्या वेळा वेगळ्या केल्या.

डिसेंबरात मुलांनी स्वतः चालवायची पालकसभा होती. मुलांनी स्टेजवर येऊन आपण काय शिकलो ते आपल्या शब्दांत सांगायचं. त्या वर्षी बाहेरची काही मंडळी शाळा पाहायला येणार होती, समावेशक शाळा म्हणून कसलासा दर्जा द्यायचा होता. मग काय, आमची मुलगी एकदम सगळ्यांना हवीहवीशी झाली. तिच्यासाठी एक टॅब आणला. त्यावर एक मोठं हिरवं बटण. ते दाबलं की कुणी परदेशी बाई इंग्रजीत म्हणायची, "मी इथली आहे. मला इथे आनंद वाटतो."

"तिला बोलता येतं," मी प्रमुखबाईंना म्हटलं.

"पण ते लोकांना समजणार नाही ना. टॅबमुळे तिला आवाज मिळतो."

"आवाज आहे तिला. ऐकणारं कुणी नाही."

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमची तळमळ मला खूप भावते." त्या हाताचं काय करावं मला कळेना.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. टाळ्यांच्या आवाजाचा काही मुलांना त्रास होतो, म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून नुसते हलवायचे, अशी सूचना झाली. सुटाबुटातले बाप आणि रेशमी कुर्त्यातल्या आया हात वर करून पंजे हलवू लागल्या. आमची मुलगी विंगेत ते बघून पोट धरून हसत होती.

तिचं नाव पुकारलं. प्रमुखबाई स्वतः तिला स्टेजवर घेऊन गेली, टॅब हातात दिला, कानात काही सांगितलं. मुलीने बटण दाबलं. परदेशी बाई म्हणाली, मी इथली आहे. मुलीने टॅबकडे पाहिलं, तो खाली जमिनीवर ठेवला आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बेडा."

बेडा म्हणजे नको. बेंगळूरुत राहणाऱ्या प्रत्येकाला कळणारा हा एक शब्द. मग ती मराठीत म्हणाली, "त्या खोलीत नको. कागदाचा वास येतो. वर्गात."

 मग प्रमुखबाईने हात वर करून पंजे हलवले आणि सगळ्यांनी हलवले. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"आपल्या मित्रांचे आभार मानतेय," प्रमुखबाई म्हणाली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली.

मी उठले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज आहे माझा, त्याला माइक लागत नाही. मुलगी काय म्हणाली ते आधी इंग्रजीत सांगितलं. मग मागे भिंतीशी फरशी पुसणाऱ्या अक्का उभ्या होत्या, त्यांच्यासाठी कन्नडमध्येही सांगितलं. तेवढ्यात मुलांच्या रांगेतून ती झोपाळ्यावरची मुलगी ओरडली, "खरं आहे! ती रोज तिकडेच असते!"

अर्ध्या तासाने आम्ही ऑफिसात होतो. मी, मुलगी, तिची आई आणि प्रमुखबाई.

"आज जे झालं त्याने मी दुखावले आहे," प्रमुखबाई मला म्हणाली. "तो तिचा अवकाश होता. तुम्ही तिच्या वतीने बोलून तिचा आवाज हिरावून घेतलात."

मला खरोखर हसू आलं. एवढा निगरगट्टपणा यायलाही शिक्षण लागत असेल. आई आता माझ्यावर घसरणार असं मी धरून चालले होते. या प्रवेशासाठी तिने किती उंबरे झिजवले होते ते मला ठाऊक होतं. पण ती प्रमुखबाईकडे बघत म्हणाली, "ती वर्गात किती वेळ असते?"

"आम्ही वेळेच्या भाषेत बघत नाही. आपलेपणाच्या भाषेत बघतो."

आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा तेच गोलगोल उत्तर आलं. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही सांगा."

"हजेरी आणि संगीत. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंत." ती उठली. मग मुलीचं दप्तर उचललं आणि म्हणाली, "चल." त्या दिवशी ऑफिसात तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच एकही इंग्रजी शब्द नव्हता.

त्यानंतर त्यांनी एचएसआरमधल्या आणखी शाळा पालथ्या घातल्या. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर सुविचार होता आणि प्रत्येक ऑफिसात 'इतर पालकांचा विचार करावा लागतो' हे वाक्य होतं. शेवटी मी त्यांना माझ्या जुन्या शाळेत नेलं. तिथली मुख्याध्यापिका एके काळी माझ्या हाताखाली होती. तिने मुलीला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "बसवते. पण वर्गात मुलं खूप, गोंगाट खूप. स्वल्प त्रास होईल. तिला पण, आम्हाला पण."

या शाळेची मी काही आरती ओवाळणार नाही. भिंतींचे पोपडे निघालेत, अर्धे शिक्षक अजून घोकंपट्टीच शिकवतात, आणि समाजशास्त्राच्या बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही कटकट आमच्याच डोक्याला का?" सुरुवातीला मुलगी कानावर हात धरून वर्गातून पळायची. एकदा भिंतीवरचा नकाशा फाडला. मी मागच्या बाकावर बसून राहायचे आणि रोज परत आत आणायचे.

एके दिवशी मला यायला उशीर झाला. पाहते तर ती व्हरांड्यात उभी. माझं डोकं सणकलं. म्हटलं, इथेही सुरू झालं का? मग तिच्या शेजारी आणखी एक मुलगी उभी दिसली, वेणी सुटलेली, गाल लाल. दोघींची मारामारी झाली होती. समाजशास्त्राच्या त्याच बाईंनी कुणाची बाजू न घेता दोघींना बाहेर काढलं होतं. "आता काय, ही तुमची म्हणून हिला सोडायचं?" बाई मला म्हणाल्या.

"मुळीच नको," मी म्हटलं, आणि स्टाफरूममध्ये जाऊन निवांत कॉफी प्यायले.

नंतर त्या कुटुंबाने घरही इकडेच बनशंकरीत घेतलं. मुलगी आता सातवीत आहे. कन्नडमध्ये वर्गात पुढे, गणितात ढ. गणित तिला घरी मीच शिकवते, त्यामुळे बोलायची सोय नाही. शाळेत आता सावली म्हणून तिच्याबरोबर कुणी बसत नाही, तिला ते आवडतही नाही. रविवारी ती आमच्याकडे येते.

अशाच एका रविवारी माझा फोन वाजला. प्रमुखबाई! तोच हळू आवाज. एका मोठ्या परिसंवादात तिला 'या मुलीचा प्रवास' मांडायचा होता. झालं गेलं विसरून मी यावं, आणि मुलीलाही आणावं. तिने स्वतः स्टेजवर यावं, फार प्रेरणादायी होईल.

"तिला विचारते," मी म्हटलं आणि विचारलं.

मुलगी अण्णाच्या ताटातला वडा खात होती. जरा विचार करून म्हणाली, "तिथे खायला काय आहे?"

मी तो प्रश्न फोनवर पोचवला. प्रमुखबाई गोंधळली, मग उत्साहाने म्हणाली, "नाचणीची बिनसाखरेची बिस्किटं असतील!"

मुलीने अण्णाचा दुसरा वडा उचलला आणि मान हलवली. येणार नाही म्हणून मी कळवलं आणि फोन ठेवला. अण्णा मात्र ताटाकडे बघत बराच वेळ कुरकुरत होता.