फळ्यावरचं नाव

लातूरच्या आमच्या तंत्रशाळेत पंचशीलाबाई फिटर शिकवतात आणि मी, भुजंग, वेल्डिंग. बाईंच्या वर्कशॉपमध्ये एक लहान फळा आहे. काम ज्यानं बिघडवलं त्यानं स्वतःच्या हातानं त्यावर चूक आणि नाव लिहायचं, आणि आठवडाभर ते पुसायचं नाही. माझंही नाव दोनदा लागलंय. मी त्यांचा विद्यार्थी नसूनसुद्धा!

त्यांची मुलगी बुद्धप्रिया एअर रायफलनं नेमबाजी करते. तिची जुनी रायफल बाईंनीच ट्यून केलेली. नळकांड्यात हवा ठासून भरलेली असते, रेग्युलेटर त्यातली प्रत्येक छऱ्याला सारख्याच दाबानं देतो. तो रेग्युलेटर बाईंनी खोलून, घासून असा काही बसवला होता, की त्याचं कौतुक आम्हाला चहाबरोबर रोज ऐकावं लागे.

पण पोर पाच मिनिटं थांबली, की पुढचा छर्रा वर जायचा. नंतरचे सगळे बरोबर मधल्या, दहा गुणांच्या ठिपक्यात.

"हात कापतो तुझा. मन ठिकाणावर ठेव," बाई म्हणायच्या. दोन महिने हेच. पोरीनं ध्यान केलं, चहा सोडला, शेवटी आईशी बोलणंच सोडलं. रविवारी नांदेडला निवड चाचणी होती. शुक्रवारी तिनं रायफल आणून बाईंच्या टेबलावर ठेवली.

"माय, मी न्हाई जात. माझ्यातच खोट हाय."

ती गेली आणि मला राहवलं नाही. "मॅडम, दुसऱ्याच्या पोरानं काम बिघडवलं तर तुम्ही आधी मशीन बघता. घरच्या पोरीला तेवढीबी सवलत न्हाई?"

बाई लई चिडल्या. पण उठल्या. मागच्या रिकाम्या शेडमध्ये रायफल रबर लावून व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात, आवळली. पाच छर्रे मारले, कागदाला एकच भोक. मग दहा मिनिटं कोणी हात लावला नाही. सहावा छर्रा ज्वारीच्या दाण्याएवढा वर गेला.

"आता व्हाइसचाबी हात कापतो काय?" मी विचारलं. बाई हसल्या नाहीत.

रेग्युलेटर खोलला. झडप जिथं टेकते ती सीट बाईंनी हौसेनं जरा जास्तच घासली होती. ती घट्ट मिटत नव्हती. रायफल नुसती पडून असली तरी हवा झिरपायची, दाब चढायचा आणि पहिला छर्रा जोरात सुटायचा. बाईंनी संध्याकाळपर्यंत लेथवर नवी सीट केली. मग कितीही थांबा, भोक एकच.

शनिवारी सकाळी बाईंनी पोरीला वर्कशॉपमध्ये बोलावून घेतलं. तीस विद्यार्थी उभे होते. फळ्यावर बाईंचं अक्षर होतं: 'सीट जास्त घासली. दोन महिने खोट पोरीत शोधली. – पंचशीला.'

बुद्धप्रियानं ते दोनदा वाचलं.

"माय, आठवडाभर पुसायचं न्हाई ना?"

"न्हाई."

"मग उद्याची नांदेडची गाडी किती वाजता हाय?"