इन्शाल्ला आणि छपराखालची जागा

ऑगस्टचा तिसरा शनिवार: जागा मला. चौथा शनिवार: पुन्हा मला. सप्टेंबरचा पहिला शनिवार: जागा रिकामी, जबाबदार, इमारतीतील बाकीची चारही बिऱ्हाडे. दुसरा शनिवार: जागा दंतवैद्यांना, जबाबदार, पहिल्या मजल्यावरील लेखापाल, जे स्वतःस चिटणीस म्हणवीत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमिरातीतल्या खोर फक्कान बंदरात आम्ही पाच मराठी कुटुंबे एका इमारतीत राहत होतो. गाड्या पाच, छप्पर एकाच गाडीपुरते. ऑगस्टमध्ये छपराबाहेर उभ्या गाडीचे स्टिअरिंग फडक्याशिवाय धरता येत नसे. माझ्या अभंगांच्या दोन कॅसेट डॅशबोर्डवर वितळून एकजीव झाल्या होत्या.

पैशांचा जुगार त्या देशात गुन्हा. म्हणून पैज लागे ती सावलीची. शनिवारी इंग्लंडमधला फुटबॉल सामना, दुपारी चिठ्ठ्या. सगळे डोळे मिटून त्याच एका नामांकित संघाच्या विजयावर शिक्का मारीत. सगळेच बरोबर ठरले तर जागा कोणाची? बंदराच्या कचेरीत करारनामे तपासणारा मी. नियम मीच लिहिला: ‘ज्याचे मत बहुमताविरुद्ध असेल व खरे ठरेल, त्यास आठवडाभर छप्पर.’

मी लिहिले, ‘जिंकणार नाही.’ दोनदा जिंकला नाही.

“अहो, तुम्हाला फुटबॉल कळतो तरी का?” पत्नीने विचारले.

“लोक कळतात,” मी म्हणालो.

तिसऱ्या खेपेस चौघांनी माझीच नक्कल केली. संघ हरला, पाचही जण बरोबर ठरले आणि बहुमताविरुद्ध कोणीच उरले नाही. आठवडाभर छपराखाली वॉचमनची गोधडी वाळत होती व आमच्या पाच गाड्या उन्हात भाजत होत्या.

“अंकल, नाऊ यू आर द पब्लिक,” लेखापालांची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली.

मग मी माझ्याच विरुद्ध गेलो. लिहिले, ‘जिंकेल.’ तेही चौघांनी ताडले होते! संघ जिंकला. पाचही चिठ्ठ्या ‘जिंकेल’. फक्त दंतवैद्यांच्या चिठ्ठीत पुढे एक शब्द जास्त होता: ‘इन्शाल्ला’, म्हणजे देवाची इच्छा असेल तर.

मी तत्काळ हरकत घेतली. “हे मत सशर्त आहे. आम्हा चौघांच्या मताशी ते समान धरता येणार नाही. चिठ्ठी बाद करा!”

“म्हणजे डॉक्टरांचं मत तुम्हा चौघांपेक्षा वेगळं?” लेखापालांनी विचारले.

“निःसंशय.”

“वेगळं आहे आणि खरंही ठरलं. तुमचाच नियम, वकीलसाहेब. यल्ला डॉक्टर, गाडी लावा!”

“खलास!” दंतवैद्य किल्ली फिरवीत म्हणाले.

त्यानंतर त्या गृहस्थांनी प्रत्येक चिठ्ठीत ‘जिंकेल’ हे बहुमताचेच मत लिहून पुढे तो शब्द जोडला. संघ जिंकला की छप्पर त्यांचे, आणि संघ तर जिंकतच सुटला. दिवाळीपर्यंत त्यांची गाडी सावलीत होती. मी चिटणीसांना सात पत्रे लिहिली. सातही पत्रांस एकच तोंडी उत्तर मिळाले: “बघू, इन्शाल्ला.”

लेखापाल आता पुण्यात असतात, आणि आम्ही पाचही कुटुंबे वर्षातून एकदा तिथे जेवायला जमतो. माझी मागणी एवढीच आहे: येत्या जेवणात, पहिली पंगत बसण्यापूर्वी, त्यांनी सर्वांसमक्ष उभे राहून सांगावे की ‘जिंकेल, इन्शाल्ला’ हे मत बहुमताविरुद्ध होते का. उत्तर हो किंवा नाही एवढेच द्यावे. पुढे एकही शब्द जोडू नये.