नुकसानीत ठेवून घेतलेली गाडी

मोडून पडलेली मोटार स्वतःकडे ठेवायची की विमा कंपनीच्या हवाली करायची, एवढ्या साध्या प्रश्नावरून बंद होत आलेला एक तपास मला पुन्हा उघडावा लागला. नवीन राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मी आर्णीला ठाणेदार होतो. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण त्या चार-आठ दिवसांनी मला जितकं अस्वस्थ केलं तितकं कशानेच केलं नाही. यातल्या माणसांची नावं मी देणार नाही. त्यांची मुलं-नातवंडं त्याच भागात राहतात.

अपघात कापसाच्या हंगामातला. गावातल्या एका बड्या अडत्याची काळी विलायती मोटार सकाळी यवतमाळ रस्त्याच्या वळणावर एका सायकलस्वाराला ठोकरून डाव्या अंगाने बाभळीवर आदळली आणि नालीत गेली. सायकलवर जवळच्या खेड्यातल्या शाळेचा मास्तर होता. ती एकशिक्षकी शाळा. मास्तरचं घर नुकतंच बौद्ध झालेलं, आणि त्या वस्तीतून शिकून नोकरीला लागलेला तो पहिलाच. मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

मोटारीचा ड्रायव्हर डावा हात छातीशी धरून झाडाखाली बसला होता. डाव्या गालावर काचा लागून रक्त आलं होतं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, चांगला उंचापुरा. शेठकडे कित्येक वर्षं नोकरीला.

"माहा डोळा लागला, सायेब," तो म्हणाला. "मास्तर दिसलेच नाई. जागच्या जागी गेले."

"गाडीत आणखी कोण होतं?"

"कोनी नाई. मी एकलाच."

पंचनामा झाला, ड्रायव्हरला अटक झाली, शेठने स्वतः येऊन त्याचा जामीन भरला. मोटार निरीक्षकाने ब्रेक आणि स्टिअरिंग तपासून यांत्रिक दोष नसल्याचा शेरा दिला. गाडी सुपूर्दनाम्यावर मालकाला परत केली. हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचं साधं प्रकरण, आरोपी गुन्हा मान्य करणारा. आरोपपत्र लिहायचं तेवढं राहिलं होतं.

फक्त आमचे जमादार अधूनमधून मान हलवत. "सायेब, हा मानूस बैलगाडीपेक्षा सबुरीनं मोटार हाकते. अन् सकाळच्या पाह्यरी याले झोप कायची लागते?"

मी लक्ष दिलं नाही. झोप कुणालाही, कधीही लागते.

मग एके दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर ठाण्यात आला. नागपूरहून आलेला, चष्मेवाला, बोलका गृहस्थ. त्याला पंचनाम्याची नक्कल हवी होती. चहा घेता घेता तो म्हणाला, "तुमचे शेठ मोठे अजब आहेत हो."

"का, काय झालं?"

"गाडी दुरुस्तीपलीकडे गेलीय. मी टोटल लॉस म्हणून शेरा मारला. अशा वेळी दोनच रस्ते असतात. मालकाने मोडकी गाडी आम्हाला द्यायची आणि पूर्ण भरपाई घ्यायची, नाहीतर गाडी स्वतःकडे ठेवायची आणि भंगाराची किंमत कापून उरलेली भरपाई घ्यायची. शेठ आधी म्हणाले, घेऊन जा ते लोखंड. मी म्हटलं, ठीक, ट्रक पाठवतो, नागपूरला आमचे इंजिनियर एकदा नीट पाहतील. तर त्यांचा चेहराच उतरला. पाणी प्यायले आणि म्हणाले, नाही, गाडी मीच ठेवतो, काय कापायचं ते कापा."

सर्व्हेअर हसत निघून गेला. मला हसू आलं नाही. हा अडत्या चिमूटभर कापसासाठी शेतकऱ्याशी दिवसभर हुज्जत घालणारा. तो आपण होऊन नुकसान सोसतो आहे, म्हणजे त्याहून मोठं काहीतरी तो राखतो आहे. काय राखत असेल? इंजिनचा नंबर बदललेला असेल. गाडीच्या पोटात गांजा नाहीतर अफू नेण्यासाठी कप्पा केलेला असेल. शेठबद्दल काही चांगलं मनात यावं असा तो माणूसच नव्हता.

त्याच दिवशी सहज आल्यासारखं दाखवून मी त्याच्या वाड्यामागच्या कापसाच्या गोदामात गेलो. गाडी ताडपत्रीखाली होती. शेठने खुर्ची दिली, सुपारी पुढे केली.

"गाडी ठेवता म्हणे?"

"पाह्यतो, सायेब. कंपनीले देऊन टाकावं असंबी वाटते, अन् नाईबी वाटते. माहा धंदा वाढला तो ह्याच गाडीच्या पायगुनानं. आता तिले भंगारात कशी धाडू?"

"मग दुरुस्त करणार?"

"पाहू." आणि थोडं थांबून, "आता पोलीसले काही तिची गरज नाई ना?"

हा प्रश्न त्याने फार सहज विचारला. वीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो, माणूस सर्वात सहज जे विचारतो तेच विचारायला तो सकाळपासून बसलेला असतो.

मी जमादारांना गोदामावर नजर ठेवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ते घाईने आले. "सायेब, शेठनं लोहाराले बलावलं. छिन्नी, घन घेऊन दोघं गाडी फोडून राह्यले."

जी गाडी पायगुणाची म्हणून नुकसान सोसून ठेवली, ती तोडायची कशाला? मी दोन पंच घेतले आणि तसाच निघालो.

उजवा दरवाजा नालीच्या काठावर आपटून इतका चेपून बसला होता की आजवर कुणाला तो उघडता आला नव्हता. लोहाराने तो आत्ता उपटून बाजूला टाकला होता. मी आत शिरलो तेव्हा शेठ त्याला सांगत होता, "दरवाज्याचं राहू दे बाप्पा, आंदी समोरची सीट काढ."

"हात थांबवा," मी म्हणालो.

शेठ जागच्या जागी भिंतीला टेकला.

आम्ही गाडीचा कोपरा न् कोपरा पाहिला. इंजिनचा नंबर बरोबर. चोरकप्पा नाही, गांजा नाही, काही नाही. जमादार गाडीखालून बाहेर आले आणि नुसते हात झाडले. मी चिडलो होतो. शेवटी ज्या सीटची शेठला एवढी घाई होती त्या सीटवर जाऊन बसू लागलो, आणि बसता येईना.

सीट रुळांवर मागे-पुढे सरकणारी होती. ती पार पुढे ओढलेली होती आणि धडकेने रूळ वाकून तिथेच अडकली होती. लोहाराने आणि जमादारांनी मिळून जोर लावला तरी ती तसूभर हलली नाही. मी मध्यम उंचीचा माणूस, पण स्टिअरिंग माझ्या छातीला लागत होतं आणि गुडघे वर अडकत होते. अपघात झाला त्या क्षणी सीट जिथे होती तिथेच ती आजही होती.

मग मला ड्रायव्हरचा डावा हात आठवला. आपल्याकडे मोटार हाकणारा उजवीकडे बसतो. गाडी डाव्या अंगाने झाडावर आदळली होती. मोडला होता तो डावा हात, काचा लागल्या होत्या त्या डाव्या गालाला.

मी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तो गळ्यात हात अडकवून आला. गाडी, उपटलेला दरवाजा आणि मान खाली घालून उभा असलेला शेठ पाहताच तो थबकला.

"अपघाताच्या वेळी इथेच बसला होतास ना?"

"हो सायेब."

"बसून दाखव."

तो पुढे आला. वाकला. एक पाय आत घातला, दुसरा जाईना. तिरका झाला, पुन्हा प्रयत्न केला. त्याचा गुडघा खाली दाबला तर डोकं छताला लागत होतं. घाम आला त्याला.

"मीच चालवत होतो, सायेब," तो तसाच अर्धवट अडकलेला म्हणाला. "लिवून घ्या. मीच होतो."

"मग सीट पुढे कुणी ओढली?"

"मीच वढली असंन."

"कोण चालवत होतं?"

"मीच."

माझा सगळा संशय आता शेठवर होता. तो बुटका, गोल अंगाचा. सीट त्याच्या मापाची. मी त्याच्याकडे वळलो तोच गोदामाच्या घराकडच्या दारातून आवाज आला.

"काका, उठा तिथून."

शेठची मुलगी उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची, ठेंगणी, नाजूक. यवतमाळला शिकून परत आलेली. तिचं लग्न ठरलेलं होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"तू आत जाय!" शेठ ओरडला. "सायेब, पोरगी येडी झाली हाय. हिचं काही लिवू नका."

ती आत गेली नाही. ड्रायव्हरच्या दंडाला धरून तिने त्याला बाहेर काढलं. त्या उंच माणसाने दोन्ही डोळे मिटून घेतले. "सायेब, छोरी हाय माही," एवढंच तो पुटपुटला. त्याने तिला अंगाखांद्यावर वाढवली होती.

आम्ही ठाण्यात आलो. मी तिला खुर्ची दिली, जमादारांनी पाणी दिलं. पुढे तिचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर रीतसर झाला, पण मला ती पहिल्यांदा जे बोलली तेच आठवतं.

"काकाच्या मागं मीच लागलती, मले गाडी शिकवा म्हणून. बाबाले ठाऊक नव्हतं. वळनावर मास्तर सामने आले. मी ब्रेक सोडून दुसऱ्यावरच पाय देल्ला." तिने पदराची गाठ मुठीत धरली. "सायेब, ते जागच्या जागी नाई गेले."

मी लेखणी कागदावरून उचलली.

"काका पाणी आनाले वावरातल्या विहिरीवर गेलते, तसल्या हातानं. मी मास्तराचं डोकं मांडीवर घेतलं. ते मले म्हने, बाई, शाळेची किल्ली माह्या खिशात हाय. पोरं भाईर उनात उभी असतीन. कोनाच्या तरी हाती धाडून दे. मी किल्ली काढून घेतली. पाणी येईपर्यंत ते गेले. मंग एक कापसाची बैलबंडी आली, काकानं मले तिच्यावर बसवून देल्लं. म्हने, तू इथं नव्हतीच."

तिने पदराची गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. इतके दिवस ती तिने अंगाशी बाळगली होती. पोचवता येत नव्हती, कारण पोचवली असती तर ती कुठून आली हे सांगावं लागलं असतं.

खरं सांगतो, मी तिथेही संशय सोडला नाही. बापाला नाहीतर आणखी कुणाला वाचवण्यासाठी पोरगी गोष्ट रचत नसेल कशावरून? किल्ली जप्त करून मी दुसऱ्या दिवशी जमादारांबरोबर त्या खेड्यात गेलो. किल्ली न मिळाल्यामुळे गावकऱ्यांनी शाळेची कडी उचकटली होती. कुलूप शाबूत होतं आणि मास्तरच्या घरी ठेवलेलं होतं. किल्ली लागली.

मास्तरची बायको ओट्यावर बसली होती. तिला सगळं सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं की तिचा नवरा काही वेळ शुद्धीवर होता, आणि तो काय बोलला.

तिने कुलूप मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "माहं नाव नाई घेतलं?"

"नाही बाई."

"लेकराचं?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांचा मुलगा तेव्हा रांगत होता.

"मंग पोरगी खरं बोलते," ती म्हणाली. "ते असेच होते. घरी जेवाले बसले तरी शाळेचंच बोलत. तिनं आनखी काही गोड सांगतलं असतं ना सायेब, मी मानलं नसतं."

मग ती रडली. जमादार म्हणाले, ती तेव्हा पहिल्यांदाच रडली असं शेजारणी सांगत होत्या.

मुलीवर खटला झाला. आपण होऊन दिलेल्या कबुलीचा विचार करून न्यायालयाने शिक्षा सौम्य दिली. खोटी खबर दिल्याबद्दल ड्रायव्हरला आणि पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न केल्याबद्दल शेठलाही शिक्षा झाली. विना परवाना माणूस गाडी चालवत होता म्हणून विमा कंपनीने भरपाई साफ नाकारली, तेव्हा गाडी ठेवायची की द्यायची हा शेठचा प्रश्नच उरला नाही. खटला संपेपर्यंत ती ठाण्याच्या आवारात पडून होती. मुलीचं लग्न मोडलं. काही वर्षांनी अमरावतीकडे तिचं लग्न झालं, असं ऐकलं. ड्रायव्हर तांड्यावर जाऊन शेती करू लागला. बाजारात भेटला तर मला नमस्कार करी, पण थांबत नसे.

शेठचा लोभ मला ठाऊक होता, म्हणून मी गाडीत लोभाचाच माल शोधत बसलो. माणूस स्वभावाविरुद्ध वागला की तिथे काहीतरी आहे, हे मी बरोबर ओळखलं होतं. ते काय असेल याचा अंदाज मात्र साफ चुकला. शेठ, ड्रायव्हर आणि ती पोरगी स्वतः, तिघांनी जे केलं ते तिला वाचवण्यासाठी केलं. पण त्यासाठी मेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द त्यांनी पुरून टाकले आणि ते ऐकण्याचा हक्क असलेल्या बाईला 'जागच्या जागी गेले' एवढंच मिळालं. दंडविधानात यासाठी कलम नाही.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, कोणी जागच्या जागी मेला असं सांगणारा साक्षीदार आला की मी लेखणी खाली ठेवून आधी विचारत असे, "तू तेव्हा त्याच्या किती जवळ होतास?" बहुतेकजण गडबडत. एखादा मात्र खाली बसे आणि सांगायला सुरुवात करी.